पूजेला न चाललेलं कडियाळं

मोठीचा घोड्यावर बसलेला फोटो तुमच्या आईने पाठवला. मी तो बोटांनी ताणून मोठा केला आणि फोनवर विचारलं, "घोड्याच्या तोंडातली सळई एकसंध आहे, की मधे जोड आहे?" तुमची आई म्हणाली, "आई, पोरगी कशी दिसते ते तरी बघ."

पोरगी छान दिसते. हेल्मेट किंचित सैल आहे, ते घट्ट करावं. तुमचे आजोबा बाजूला पेपर वाचत होते, ते पेपरातूनच म्हणाले, "तिला घोडा नको गं दाखवूस, नुसता लगाम दाखव."

तर लगामाबद्दलच लिहिते. तुम्ही दोघं तिकडे शाळेत 'प्रोजेक्ट' करता आणि तुमचे शिक्षक प्रत्येक प्रोजेक्टला 'वंडरफुल' म्हणतात, असं ऐकते. आमच्याकडे एका मुलीच्या प्रोजेक्टचं काय झालं ते वाचा. वंडरफुल कशाला म्हणू नये हे त्यातून कळेल.

घोड्याच्या तोंडात जी सळई जाते तिला जुन्या मराठीत कडियाळं म्हणतात. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे निसर्गाने एक मोकळी जागा सोडली आहे. तिथे हिरडीवर ही सळई बसते आणि तिच्या दोन्ही टोकांना लगामाचे पट्टे बांधतात. घोडा मूर्ख नसतो. त्याला ती बोचते, म्हणून तो ती जिभेने उचलून दाढेखाली धरतो आणि चावत बसतो. वर्षानुवर्षं चावलं की दाढही झिजते आणि लोखंडही झिजतं. ती झीज पाहिली की ते कडियाळं खरोखर घोड्याच्या तोंडात होतं, की नुसतं दिखाव्याला बनवलं होतं, हे सांगता येतं. एवढंच आमचं शास्त्र. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या विभागप्रमुखांच्या डोक्यात ते शेवटपर्यंत शिरलं नाही.

मी ज्या महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवला तिथल्या विभागात एक लाकडी पेटी होती. माझ्याही आधीच्या एका शिक्षकांनी ती विदर्भातून आणली होती. तिकडे माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. त्यांच्या आत फार जुन्या काळी माणसं पुरलेली सापडतात, आणि कधी कधी त्यांच्याबरोबर घोडे आणि घोड्यांचं सामान. ही माणसं गुरंढोरं घेऊन फिरणारी असावीत, एका जागी फार टिकत नसावीत, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे. पेटीत अशीच तीन लोखंडी कडियाळी होती. दोन अख्खी, दोन सळया एकमेकींत अडकवलेली. तिसरं जोडाशीच तुटलेलं, अर्धंच, आणि तेही वाळलेल्या मातीच्या गोळ्यात अडकलेलं. आम्ही त्या गोळ्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. अख्खी दोन असताना तुटक्याकडे कोण पाहतं!

मी निवृत्त झाले आणि विभाग वर सांगितलेल्या विभागप्रमुखांच्या हाती गेला. त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण खरं लिहायचं ठरवल्यावर ते जमेना. त्यांच्या केबिनमध्ये पुस्तकांपेक्षा सन्मानचिन्हं जास्त आहेत. शाल आणि श्रीफळ यांच्या इतक्या जवळ राहून गृहस्थ हळूहळू त्यांच्यासारखेच झाले आहेत, बाहेरून भरजरी आणि आतून पाणी. खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी पेटीतली दोन अख्खी कडियाळी काचेच्या कपाटात मांडली आणि खाली पाटी लावली: 'नाशिकच्या प्राचीन अश्वसंस्कृतीचा पुरावा'.

मी त्यांना म्हटलं, "अहो, ही विदर्भातली आहेत. नाशिकला ती रेल्वेने आली, एका मास्तरांच्या ट्रंकेतून."

ते हसून म्हणाले, "मॅडम, शेवटी महाराष्ट्रच ना!"

आता ती मुलगी. सटाण्याकडची, घरात अहिराणी बोलणारी, बी.ए.ला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मी लिहिलेलं खोडायला लावणारी. एकदा फळ्यावर मी एक साल चुकवलं तर तिने हात वर केला होता, आणि मला ती तेव्हाच आवडली. पुढे तिने याच कडियाळ्यांवर प्रबंध लिहायला घेतला. माझं नाव निवृत्तीनंतरही मार्गदर्शक म्हणून कागदावर राहिलं होतं. तिचा प्रश्न एकच होता: ही कडियाळी घोड्यांनी वापरली, की मेलेल्या माणसाचा थाट म्हणून फक्त थडग्यासाठी घडवली? उत्तर झिजेत होतं. झीज पाहायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा होता, तो पुण्याला होता, आणि पुण्याच्या लोकांनी दिवाळीनंतरची तारीख दिली होती. सकाळी क्लासमध्ये मुलांना शिकवायचं आणि दुपारी स्वतःचं काम, असं करत तिने अर्धा प्रबंध लिहून ठेवला होता. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती आणि ही शेवटची, असं कळवलं होतं. कडियाळी नाहीत तर प्रबंध नाही, इतकं ते सरळ होतं.

तुलनेसाठी आम्हाला आजच्या घोड्यांची वापरलेली कडियाळी हवी होती. इथेच नाशकात, द्वारका चौकाजवळ, वरातीची घोडी भाड्याने देणारे एक मुसलमान गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. मुलीने घोडीच्या तोंडात टॉर्च मारला तसे ते पुढे झाले.

"दात कशाला बघता मॅडम? घोडी विकायची नाही."

"विकत नको हो. अभ्यास आहे."

"घोडीचा अभ्यास? हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? माझ्या पोराला टाका तिथे. बारावीत दोनदा बसलाय."

मुलीने विचारलं, "चाचा, ही लोखंड चावते का?"

"अजिबात नाही! खानदानी घोडी आहे. लोखंड चावायला ती काय भटकी आहे?" एवढं बोलून होतंय तोच खानदानी घोडीने मान वर केली, कडियाळं दाढेखाली घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं करकर चावायला लागली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. "बाहेरची माणसं पाहिली की करते," म्हणाले.

त्यांनी जुनं झिजलेलं कडियाळं दिलं आणि चहाही दिला. आमच्या विभागात त्या वर्षी मला चहा विचारला गेला नव्हता.

दुसरीकडे वणीच्या रस्त्याला मेंढरं घेऊन उतरणारे धनगर भेटले. त्यांच्या तट्टांच्या पाठीवर खाट, भांडी, कोंबड्या, एक झोपलेलं मूल, सगळं होतं, पण तोंडात लोखंड नव्हतं, नुसता दोर. मुलीने मला दंडाला धरून थांबवलं. "मॅडम, फिरणाऱ्या माणसाला लोखंड लागतंच असं नाही. मग त्यांनी का केलं?" हा प्रश्न तिचा होता, माझा नव्हे. मला तो इतक्या वर्षांत सुचला नव्हता. विभागप्रमुखांना तो ऐकवला तेव्हा ते म्हणाले, "अश्वमेधासाठी." सगळ्या प्रश्नांची त्यांच्याकडे अशी एका शब्दाची उत्तरं असतात. शब्द तेवढे बदलतात.

आणि मग खंडेनवमी आली.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, शिंपी शिलाई मशीनची, आणि महाविद्यालयात संगणकावर झेंडू चढतात. मला यात काही गैर वाटत नाही. माझ्या किसणीलाही मी हळदीकुंकू लावते. पण माझी किसणी अडीच हजार वर्षांची नाही, आणि तिच्यावर कुणाचा प्रबंध अवलंबून नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महाविद्यालय उघडलं. मी डाळीच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"मॅडम, कपाट उघडलं. चकाकतंय."

"काय चकाकतंय?"

"दोन्ही. हाई काय शे, मॅडम? चांदीसारखं चकाकतंय!"

घाबरली की ती अहिराणीवर जाते. मी रिक्षा केली आणि गेले.

कपाटात दोन्ही कडियाळी लाल मखमलीवर ठेवली होती. आधी पॉलिश पेपरने घासलेली, मग तेल लावलेली, आणि वर चंदेरी रंगाचा हात दिलेला, खिडकीच्या गजांना देतात तसला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं. जुनं लोखंड गंजतं तेव्हा त्याचा मूळचा आकार, मूळची झीज, कधी कधी चामड्याचा ठसासुद्धा त्या गंजाच्याच थरात टिकून राहतो. तो थर म्हणजेच आमचं सगळं पुस्तक, आणि ते पॉलिश पेपरने पुसलं होतं. मुलगी खुर्चीवर बसली होती आणि हातांकडे पाहत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

विभागप्रमुखांना फोन लावला. ते घरी होते, प्रसन्न होते.

"पाहिलंत ना मॅडम? किती गंजून गेली होती! मी स्वतः उभं राहून करून घेतलं. पूजेला अशी मळकी वस्तू कशी मांडायची?"

मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "तिसरं कुठे आहे? पेटी रिकामी आहे."

"तिसरं म्हणजे ते मातीचं ढेकूळ? ते तुटलेलं होतं हो. खंडित वस्तू पूजेला चालत नाही, आणि पूजेच्या जागी ठेवूही नये. निर्माल्याबरोबर गोदावरीत सोडायला बाजूला काढलं."

मुलगी उभी राहिली. फोन स्पीकरवर होता.

"सोडलंत?"

"अं... पिशवी गाडीच्या डिकीत आहे. काल सगळीकडे जायचं होतं, सोनं वाटायचं होतं. आज एकादशी, म्हटलं चांगला दिवस, आज संध्याकाळी सोडू."

आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्राध्यापकाच्या आळसाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली. परीक्षेचे पेपर त्यांनी असेच डिकीत ठेवून कितीदा उशिरा दिले होते, आणि तेव्हा मी किती बोलले होते!

"काही सोडू नका," मी म्हटलं. "आम्ही येतो."

ते पंचवटीत राहतात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. एकादशीची गर्दी, रताळ्यांचे ढीग, आणि त्यात आमचा रिक्षावाला दर दहा पावलांना थांबणारा. मुलगी शेवटी उतरून चालतच पुढे गेली. मी पोचले तेव्हा विभागप्रमुख जानव्यावर पंचा घेऊन दारात उभे होते आणि मुलगी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत खांद्यापर्यंत हात घालून उभी होती. दोन दिवसांच्या कुजलेल्या झेंडूचा वास गल्लीभर पसरला होता.

"अगं, हात खराब होतील," ते म्हणत होते. "आणि निर्माल्यातून वस्तू परत काढू नये."

"सर, ही वस्तू निर्माल्यात टाकू नये," ती म्हणाली आणि पिशवी बाहेर ओढली.

झेंडू, आंब्याची पानं, एक नारळाची शेंडी, आणि त्यांच्या तळाशी ते ढेकूळ. माती ओली झाली होती पण सुटली नव्हती. तिने आपल्या ओढणीत ते गुंडाळलं. ओढणी नवी होती, दसऱ्याची.

विभागप्रमुखांची पत्नी आतून म्हणाली, "मॅडम, आत या ना, साबुदाण्याची खिचडी झालीय." ती बाई भली आहे. नवऱ्याच्या विद्वत्तेचा तिच्यावर काही परिणाम झालेला नाही. मी खिचडी खाल्ली. मुलगी आत आलीच नाही. ती गल्लीत उभी राहून दोन्ही हातांत ते ढेकूळ धरून होती, आणि येणारेजाणारे तिच्या हातात प्रसाद आहे समजून थांबत होते. एका आजीबाईंनी तर नमस्कारही केला.

"आता एवढ्या एका तुकड्यात काय मिळणार?" विभागप्रमुखांनी मला हळूच विचारलं, जणू मी त्यांच्या बाजूची आहे.

"काही नाही मिळालं तरी," मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त मिळेल." तुमच्यापेक्षा म्हणजे त्या दोन चंदेरी कडियाळ्यांपेक्षा, असा अर्थ त्यांनी घेतला. घेऊ दे.

मिळेल की नाही हे मलाही माहीत नव्हतं. दिवाळीभर मुलगी फराळाला आली नाही. मी डबा पाठवला तर डबा धुऊन परत आला, वर चिठ्ठी नाही. तिने प्रबंधाचं शेवटचं प्रकरण काढून ठेवलं होतं आणि क्लासमध्ये जास्तीचे तास मागून घेतले होते. तुमचे आजोबा म्हणाले, "सोडून देईल ती." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, म्हणूनच.

दिवाळीनंतर पुण्याला गेलो. प्रयोगशाळेतल्या माणसांनी माती थोडी थोडी करून, मऊ ब्रशने, दोन दिवस घेऊन काढली. घासून नव्हे. मी सबंध वेळ स्टुलावर बसून पाहिलं, कारण जगात अजून कुणाला वस्तूला न घासता हात लावता येतो हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा मुलीने पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग बाजूला सरकून मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघा. मला खात्री करायचीय की मला हवं तेच मला दिसत नाहीये."

असं वाक्य म्हणणाऱ्या माणसाला पीएच.डी. तिथल्या तिथे द्यावी, पण तशी पद्धत नाही.

मी पाहिलं. ज्या वेढ्यात दुसरी सळई अडकत होती तो वेढा गोल नव्हता. एका बाजूने तो ओढून ओढून लांबट झाला होता, आणि तिथलं लोखंड झिजत झिजत कागदासारखं पातळ होऊन तुटलं होतं. म्हणजे ते पुरताना मोडलं नव्हतं, नांगराने मोडलं नव्हतं. घोड्याच्या तोंडात, रोजच्या कामात झिजून गेलं होतं, आणि तरी कुणीतरी ते टाकून न देता मालकाबरोबर पुरलं होतं. सळईवर दाढांच्या चावण्याचे उथळ खळगे होते, द्वारकेच्या खानदानी घोडीच्या कडियाळ्यावर होते तसेच. आणि कडेला गंजात चामड्याची बारीक जाळी उमटलेली होती. तिने फोटो काढले, मोजमापं घेतली, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी रडली. मी प्रयोगशाळेतल्या माणसांना चहाचं विचारलं, म्हणजे त्यांनी तिकडे पाहू नये.

अख्खी दोन कशी वापरली गेली होती, की वापरलीच नव्हती, हे आता कुणालाच कळणार नाही. ती दोन न तुटता राहिली ती कमी वापरामुळे, की नुसत्या थाटासाठी घडवलेली म्हणून, हा तिच्या प्रबंधातला सगळ्यात चांगला प्रश्न झाला असता. तो तिला 'पडताळणे आता शक्य नाही' असं लिहून सोडावा लागला. का शक्य नाही ते तिने एका ओळीत, कुणाचं नाव न घेता लिहिलं. मी ते वाक्य तिच्या जागी चांगलं पानभर लिहिलं असतं.

प्रबंध मुदतीच्या आत गेला. पुढे तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून परीक्षक आले होते, विभागाचे सगळे बसले होते, आणि विभागप्रमुख पहिल्या रांगेत नवी शाल घेऊन. परीक्षकांचे प्रश्न झाल्यावर कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं गेलं. विभागप्रमुख उठले. मला वाटलं होतंच.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण मला एक कळलं नाही. विभागात दोन अखंड, सुंदर, स्वच्छ केलेल्या वस्तू असताना, या मुलीने सगळा निष्कर्ष एका तुटक्या तुकड्यावर का काढला?"

हे ते खरोखर, मनापासून विचारत होते. त्यांना आठवतच नव्हतं. मी खुर्चीचा हात धरला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी बोलली, अगदी नम्रपणे.

"सर, त्या दोन आता देवाच्या झाल्या. घोड्याची एवढी एकच राहिली होती."

परीक्षक हसले. सगळे हसले. विभागप्रमुखही हसले आणि "वा, छान!" म्हणून खाली बसले. मग त्यांनी अंगावरची शाल काढून तिला घातली.

ती आता दुसऱ्या गावी शिकवते. कडियाळ्याचा तुकडा विभागात आहे, मातीविना, कापसात, झाकणाच्या डब्यात. डब्यावर नाव मी घातलं आहे, आणि डब्याच्या कपाटाची किल्ली मुलीने जाताना मला दिली आहे. चंदेरी दोन अजून मखमलीवर आहेत, पाटीसकट.

परवा खंडेनवमीच्या आधी विभागप्रमुखांचा फोन आला. मी पूजेला यावं, आणि येताना कपाटाची किल्ली आणावी, सगळंच एकदा झाडून पुसून घेऊ म्हणाले.

मी म्हटलं, "त्या कपाटात फक्त ते तुटकं आहे हो."

"अरे हो," ते म्हणाले, "मग राहू द्या. ते चालत नाही."

मी किल्ली परत साखरेच्या डब्यामागे ठेवली.